देह, दंड आणि पीएच.डी. : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पुण्यात येऊन माणसं एमपीएससी करतात, हिंजवडीला जातात, नाहीतर अमृततुल्य काढतात. हे सगळं सोडून तुम्ही 'देह, हिंसा आणि राजकीय सत्ता' या विषयात करिअर करायचं ठरवलं असेल, तर अभिनंदन. पहिली अडचण विद्यापीठाच्या आधी घरातच येते. 'देह' म्हटलं की आई दचकते. 'हिंसा' म्हटलं की मामा विचारतात, ओळखीचा वकील आहे ना? 'सत्ता' म्हटलं की बाबा पेपर खाली ठेवतात आणि म्हणतात, म्हणजे कुठल्या पक्षाकडून? तेव्हा घरी 'इतिहासात पीएच.डी. करतेय' एवढंच सांगावं. मग एकच प्रश्न उरतो : नोकरी कधी? त्याचं उत्तर पुढे दिलेलं आहे. घाई करू नये.

सुरुवात शीर्षकापासून करा, कारण प्रबंधातली पूर्ण वाचली जाणारी ती एकमेव ओळ असते. शीर्षकात अपूर्णविराम लागतोच. शाळेत शिकवलेलं हे चिन्ह त्यानंतर कुठेच वापरायची वेळ आलेली नसते, ते इथे कामी येतं. (वर पाहा, आम्हीही सोडलेलं नाही.) चिन्हाच्या अलीकडे काहीतरी ठसकेबाज लिहावं, पलीकडे 'पुणे शहराच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास'. 'चिकित्सक' शब्द नसेल तर फाइल परत येते आणि 'विशेष संदर्भात' नसेल तर फाइल हलतच नाही.

पहिल्या प्रकरणात मिशेल फूको. त्याला पर्याय नाही. शिक्षा आणि तुरुंग यांवरचा त्याचा १९७५चा ग्रंथ सुरू होतो तो १७५७ साली पॅरिसच्या एका चौकात, राजावर चाकू चालवणाऱ्या दामियाँच्या देहदंडाने. घोडे लावून त्याचे हातपाय ओढून तोडले, त्याचं सविस्तर वर्णन तिथे आहे. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध त्याच चौकात सुरू होतात. लिहिणारा पॅरिसला गेलेला नसतो, पण त्या चौकाबद्दल इतक्या खात्रीने लिहितो की परीक्षकाला वाटावं, हा अलका टॉकीजपाशीच उभा होता.

फूको वाचूच नका, असं आमचं म्हणणं नाही. पण शनिवारवाड्याला जायला व्हिसा लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ला तिथे गारद्यांनी नारायणराव पेशव्याला कापला. १७९१ साली याच शहराने आपल्या कोतवालाला, घाशीरामाला, धिंड काढून दगडांनी ठेचून मारलं. आणि एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायाला बांधून फरफटत नेऊन मारलं. तुम्हाला पहिलं प्रकरण लिहायचंय ना? मग या तिसऱ्या घटनेवर बोट ठेवा आणि तारखा लावत जा. विठोजीचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन आला. २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरच्या लढाईत त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाला, तो वसईला जाऊन इंग्रजांच्या आसऱ्याला बसला आणि ३१ डिसेंबरला तहावर सही करून मोकळा झाला. सत्तेने एका माणसाचा देह भर रस्त्यात चिरडून आपला धाक दाखवला आणि वीस महिन्यांत ती सत्ताच दुसऱ्याच्या पदराखाली गेली. देहदंडातून सत्ता कशी उभी राहते हे फूको सांगतो. ती कशी ढासळते, याचं उदाहरण पीएमपीच्या तिकिटात बघायला मिळतं.

आता प्रवेश. आधी प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, मग कोर्सवर्क, मग दर सहा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट. या टप्प्यावर फारसं लिहिण्यासारखं नाही. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य पाठ असावं आणि फोटोच्या किमान आठ प्रती जवळ असाव्यात.

विद्यापीठात जाताना मात्र कानातले इयरफोन काढा. गणेशखिंड रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा अडकली की डोकं बाहेर काढून बघा. २२ जून १८९७च्या रात्री याच रस्त्यावर चापेकर बंधू दबा धरून बसले होते. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी गव्हर्न्मेंट हाउसमध्ये झडली होती आणि पाहुण्यांच्या बग्ग्या परत निघाल्या होत्या. 'गोंद्या आला रे' ही खूण ऐकू आली आणि दामोदरने प्लेग कमिशनर रँडवर, बाळकृष्णाने लष्करी अधिकारी आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढे दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचा साथीदार महादेव रानडे असे चौघे फासावर गेले. ज्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये ती मेजवानी होती, तीच आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. तिच्यापुढच्या हिरवळीवर पदवी घेऊन टोपी उडवतानाचे फोटो काढतात.

त्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. सावित्रीबाई गेल्या १० मार्च १८९७ रोजी, त्याच प्लेगमध्ये. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात पोचवलं होतं, आणि त्यातच त्यांना लागण झाली. रँडची तपासणी पथकं घराघरांत शिरू लागली ती त्याच आठवड्यात. एकाच शहरात, एकाच साथीत रोगी देहाला हात लावायच्या या दोन तऱ्हा. एका हाताने पोर पाठीवर घेतलं, दुसऱ्याने बंदुकीच्या धाकात उंबरा ओलांडून बायकांच्या काखा-जांघांत गाठी शोधल्या. या दोन तऱ्हांवर अख्खा प्रबंध उभा राहील. पण विद्यार्थी त्या इमारतीसमोरून रोज जातो आणि ग्रंथालयात बसून पॅरिसचा नकाशा काढतो.

रँडच्या पथकांच्या पाठीशी ४ फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा होता. जेमतेम दोन-तीन पानांचा कायदा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच कपाटातून काढला. विलगीकरणात पाठवलेल्यांच्या डाव्या हातावर, मतदानाच्या शाईने, तारखेसकट शिक्के मारले गेले. तुमच्या घरात कुणाच्या हातावर असा शिक्का बसला असेल, तर तुमचं पहिलं साधन घरीच आहे. तो किती दिवस टिकला, आंघोळीला दगडाने घासून पाहिला का, बाही ओढून झाकला का, त्या दिवसांत शेजारचे काका लिफ्टमध्ये बरोबर शिरले का, हे सगळं आजच लिहून घ्या. आणखी वीस वर्षांनी कुणीतरी परदेशी संशोधक यावर अनुदान घेऊन येईल आणि तुम्हीच त्याला चहा पाजून माहिती द्याल.

साधनांवरून आठवलं. हिंसेवर काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते : ज्याच्यावर हिंसा झाली तो बोलत नाही, आणि जो बोलतो त्याच्याकडे पुरावा नसतो. १८९७च्या उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून त्यांना पत्रं गेली की प्लेगच्या सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते तिकडच्या वर्तमानपत्रातून सांगितलं. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, तर पत्र लिहिणाऱ्यांपैकी एकही जण पुढे यायला तयार होईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. 'भ्याड' म्हणून त्यांना पुण्याने बोल लावले. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मात्र त्यांनी सांगितली नाहीत. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या व्यवस्थेबद्दल स्वतःच्या नावाने मुंबईच्या वर्तमानपत्रात लिहिलं होतं, तर सरकारने तेही उडवून लावलं.

आता तुमच्या फाइलमधला संमतीपत्राचा नमुना काढा. त्यात लिहिलेलं असतं की माहिती देणाऱ्या व्यक्तीने खाली सही करावी, तारीख घालावी आणि मोबाइल नंबर द्यावा. ज्या बाईने आपल्यावर काय झालं हे सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही, तिने या फॉर्मवर सही केली की तिचा अनुभव संशोधनयोग्य होतो. नाही केली, तर तो तपशील 'पुरेशा साधनांअभावी' वगळावा. गोखल्यांनी काय केलं होतं ते लक्षात ठेवा आणि समितीपुढे त्यांचं नाव घेऊ नका. त्यांच्याकडेही फॉर्म भरलेले नव्हते.

गाइडचं प्रकरण नाजूक आहे. ज्याची सही वेळेवर मिळते तो चांगला गाइड, एवढी व्याख्या बहुतेकांना पुरते. पण ज्यांना त्याहून जास्त हवं असेल त्यांनी इरावती कर्व्यांची हकीकत वाचावी. पुण्यातून १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. गाइड मिळाले ऑयगेन फिशर. तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेचे संचालक, आणि पुढे नात्झी राजवटीच्या वंशविज्ञानातलं बडं नाव. त्यांचं गृहीतक असं की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी डावी-उजवीकडे अधिक असमान असते, कारण त्याच्या मेंदूत तर्कबुद्धी अधिक. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. एकेक कवटी उचलायची, डावी बाजू किती, उजवी किती, लिहायचं, खाली ठेवायची. ही कुणाची, तो माणूस कसा मेला, डोकं समुद्र ओलांडून इथवर कसं आलं, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. सगळं मोजून झाल्यावर पंचविशीच्या आतबाहेरच्या त्या बाईंनी निष्कर्ष लिहिला की असमानता आहे, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. आणि तो कागद ज्याचं गृहीतक होतं त्याच्याच टेबलावर ठेवला.

नवशिक्यांनी इथे लगेच आरती ओवाळू नये. बाईंनी भारतात आल्यावर मोजपट्टी खाली ठेवली नाही. डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची डोकी आणि नाकं मोजली, आणि ते तक्ते आज वाचताना अवघडायला होतं. गाइडचं गृहीतक झटकता येतं, त्याने हातात दिलेलं हत्यार सहजी सुटत नाही, असा माझा तरी यावरून ग्रह झाला आहे. पण पुढे याच बाईंनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. जाई निंबकरांबरोबरचा तो अहवाल १९६९चा. जमीन गेली, गाव गेलं, नुकसानभरपाई कुणाला मिळाली, कुणाला नाही, हे त्यांनी घरोघर विचारलं. कवटीपासून कुटुंबापर्यंत यायला त्यांना चाळीस वर्षं लागली. तुम्हाला विद्यापीठ सहा देतं.

भाषेबद्दल थोडं कडक बोलायचं आहे. प्रबंधात वाक्यं अशी लिहायची पद्धत आहे : 'प्लेगकाळात वासाहतिक सत्तेच्या परिप्रेक्ष्यात स्त्रीदेहाचं नियमन घडून आलं.' घडून आलं! जसा काही पाऊस पडून गेला. कुणी केलं? कुणाला? कुठे उभं करून? या विषयातल्या लिखाणाचा सगळ्यात मोठा दोष हाच, की ज्या हाताने मारलं तोच वाक्यातून पुसला जातो आणि तो पुसायला आपणच मदत करतो. 'सोल्जर घरात शिरले, बायकांना बाहेर बोलावलं, चारचौघांत तपासलं' असं लिहिलं की परीक्षक शेरा मारतात, 'भाषा वर्णनात्मक आहे, सैद्धांतिक बैठक कमी पडते.' हा शेरा मिळाला की समजावं, आपलं बरं चाललंय.

ज्यांना सिद्धांत आणि साधं वाक्य दोन्ही एकत्र बघायचं आहे, त्यांनी शर्मिला रेगे वाचाव्यात. विद्यापीठातल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१३च्या जुलैत त्या गेल्या. लावणीच्या फडावर नाचणाऱ्या बाईची जात कोणती, तिच्या नाचण्यावर कुणाचं घर चालतं, आणि सिनेमाने तीच लावणी उचलल्यावर ही बाई कुठे गेली, असे प्रश्न त्यांनी १९९५ सालीच विचारले. दलित स्त्रियांची आत्मकथनं त्यांनी सिद्धांताच्या रांगेत आणून बसवली. बेबी कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार यांच्या पुस्तकांत सासूचा मार, गावाचा मार आणि भुकेचा मार वेगवेगळे ओळखता येतात, आणि प्रत्येक वाक्याला कर्ता असतो.

त्याही मागे जायचं असेल तर १८८२ साली ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापली गेली. सुरतेतल्या एका विधवेला अर्भकहत्येसाठी शिक्षा झाली, त्या संतापातून ती लिहिलेली. अशाच विधवांसाठी फुले दाम्पत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. ताराबाईंना ना फेलोशिप होती ना गाइड. पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं. पहिलं सायटेशन यायला आपल्याला फार वेळ लागतोय अशी तक्रार करणाऱ्यांनी मधली वर्षं मोजावीत.

मग येतं ऋणनिर्देशाचं पान. नवशिके ते उत्साहाने भरतात. पुण्यात ते जपून लिहावं. जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक २००३ साली आलं. त्यातल्या एका मजकुराने लोक दुखावले, आणि तो मजकूर दुखावण्यासारखा होताही. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. पण प्रस्तावनेत आभार मानले होते पुण्यातल्या अभ्यासकांचे. डिसेंबरात संस्कृतच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेत जमाव शिरला, कपाटं पाडली, पोथ्या विस्कटल्या, फोटो फोडले. म्हणजे पुस्तक लिहिलं एकाने, छापलं दुसऱ्याने, आणि तोंड काळं झालं ते मदत करणाऱ्याचं. देह आणि सत्ता यांचा संबंध पुणेकरांना एरवी सेमिनारमध्ये समजावून सांगावा लागतो, त्या महिन्यात लागला नाही. आणि २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला निघालेल्या, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. त्यावर मार्गदर्शिकेच्या सुरात लिहिता येत नाही.

आता घरच्यांचा प्रश्न. नेट किंवा सेट झालं, प्रबंध जमा झाला, व्हायवाला पेढे वाटले, की तुम्ही तासिका तत्त्वावर काम करायला पात्र ठरता. शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत शून्य. सकाळी हडपसर, दुपारी वाघोली, संध्याकाळी भोसरी. देहाचा अभ्यास संपून देहाची झीज सुरू होते ती इथे, आणि तिचं बिल वर्षाअखेरीस एकदम निघतं. कायम जागेची जाहिरात येते तेव्हा बिंदुनामावली तपासणीला गेलेली असते. ती परत आली की जाहिरात जुनी झालेली असते. या काळात इरावतीबाईंचे थोरले दीर र. धों. कर्वे आठवावेत. देहाबद्दल, संततिनियमनाबद्दल उघड बोलतात म्हणून १९२५ साली त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. त्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि १९५३ साली मरेपर्यंत मासिक चालवलं. त्यांना कुणी एपीआय स्कोअर विचारला नाही. पगारही दिला नाही.

एवढं वाचूनही तुमचा बेत कायम असेल, तर अर्ज भरण्याआधी एकच करा : मोडी लिपी शिका. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत, कोट्यवधी कागद. कुणबिणी कितीला विकत घेतल्या, व्यभिचाराच्या आरोपावरून कुणाकडून किती दंड घेतला, चोरीसाठी कुणाचा हात तोडला, हे सगळं त्यांत कारकुनी अक्षरात, हुद्द्या-रकमेसकट लिहून ठेवलंय. कर्ता, कर्म, तारीख, सगळं जागेवर. वाचणारे फार थोडे आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेखागारातर्फे मोडीचे वर्ग भरतात. चौकशी करून या, आणि फूको परतीच्या बसमध्ये वाचा.